होले बघायला घेतलेली ८×४२ दुर्बीण: दोन वर्षं वापरल्यावर

दुर्बीण घेताना मला एकच गोष्ट हवी होती. शंभर पावलांवर तारेवर बसलेल्या होल्याच्या, म्हणजे पारव्याच्या कुळातल्या त्या सडपातळ पक्ष्याच्या, मानेवर काळी रेघ आहे, ठिपके आहेत की मागे काहीच नाही, हे त्याला न उडवता कळलं पाहिजे. उडालेला होला कुठलाही असो, लांबून सारखाच दिसतो. दोन पावसाळे वापरून झाल्यावर सांगते, हे काम या दुर्बिणीनं चोख केलं. तक्रारी आहेत, त्याही सांगते.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तेच रबर, तोच आकार, तेच वजन असलेली दुर्बीण मी तीन वेगवेगळ्या नावांनी विकायला असलेली बघितली आहे. नावापेक्षा आकडे बघून घ्या. आठ म्हणजे वस्तू आठ पट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. माझी साडेनऊ हजारांना पडली, वजन सातशे ग्रॅमच्या आत, आणि शंभर मीटरवर साधारण तेरा मीटर रुंदीचा तुकडा एका नजरेत मावतो. कोल्हापुरात कॅमेऱ्याच्या दुकानांतून फिरले तेव्हा हातात घेऊन बघायला दोनच मिळाल्या. त्यातली एक १०×५० होती. दुकानदार म्हणाला, "ताई, दहा पट घ्या, आठपेक्षा जास्त दिसतंय की." दिसतं, पण किलोभर वजनाची ती वस्तू धरून माझे हात दोन मिनिटांत थरथरायला लागले, आणि हात हलला की दहा पटीत ती थरथरही दहा पट. तारेवरचा होला नाचायला लागतो. शिवाय नजरेत मावणारा तुकडा लहान होतो, म्हणजे उडालेला पक्षी शोधेपर्यंत तो बांधापलीकडे गेलेला असतो. होल्यांसाठी आठच घ्या.

शेवटी ऑनलाइन मागवली. पहिली आली ती दोन्ही नळ्या न जुळलेली. गच्चीवरून अंबाबाईच्या देवळाच्या शिखरावर बसलेले पारवे बघायला लागले तर पाच मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं. मला वाटलं, वयामुळे असेल, बावन्न झाले. मग दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू लांब नेली आणि एकाच शिखराची दोन शिखरं वेगळी होताना दिसली. अशी दुर्बीण ठेवून घेऊ नका. डोळे काही दिवस सांभाळून घेतात, पण दुखणं जात नाही. परत पाठवली, पैसे मिळायला तीन आठवडे आणि सात फोन लागले. दुसरी आली ती आजपर्यंत नीट आहे.

चष्मा असलेल्यांनी एक गोष्ट नक्की बघावी. डोळ्याकडच्या रबरी कड्या फिरवून खाली बसतात का, आणि चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का. माझ्या दुर्बिणीत दिसतो. उजव्या डोळ्याच्या कडीखाली आणखी एक फिरणारी कडी असते, ती दोन डोळ्यांतल्या नंबराचा फरक भरून काढायला. आधी डावा डोळा उघडा ठेवून मधलं चाक फिरवायचं, मग उजव्या डोळ्यानं तीच वस्तू बघत ती कडी फिरवायची. हे एकदा केलं की पुन्हा लागत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिला महिना फुकट गेला.

आता दुर्बीण कुठे न्यायची, ते.

माझं माहेर कुंभोजकडचं. मंगळवार पेठेत माझी पिठाची गिरणी आहे, ती दहाला उघडते, म्हणून माझं सगळं बघणं पहाटे पाच ते नऊ. होल्यांना हीच वेळ सोयीची आहे. ही वेळ मला पुस्तकातून कळलेली नाही. आमच्या तात्यांकडे, म्हणजे वडिलांकडे, शेताच्या राखणीच्या परवान्यावरची एकनळी बंदूक होती. १९८२-८३ च्या सुमाराला मी दहा वर्षांची असेन, माझी नजर चांगली म्हणून ते मला बरोबर न्यायचे. पडलेले होले मी पिशवीत गोळा करायची. ते गरम असायचे. आज दुर्बिणीतून होला बघताना ती ऊब तळहाताला आठवते आणि मला ती विसरायची नाही.

तात्या जागा कशी शोधायचे ते लिहून ठेवते, कारण बंदूक गेली तरी ते ज्ञान खोटं झालेलं नाही. ते म्हणायचे, "व्हला कोरडा दाणा खातोय, पाण्यावर आल्याबिगर जाईल कुठं?" होला किडे जवळजवळ खात नाही, बी आणि दाणा खातो, म्हणून त्याला रोज पाणी लागतं. बाकीचे पक्षी चोच भरून मान वर करतात, होला चोच पाण्यात बुडवून घोड्यासारखं सलग पितो. पण कुठल्याही काठावर उतरत नाही. "आदी वाळल्या फांदीवर बसतंय, चौकडं बघतंय, मग उतरतंय. गवतात उतरत न्हाई, पाय आखूड हाईत त्येचं." म्हणजे शोधायचं काय, तर पाणी, त्याला लागून उघडी, तुडवलेली माती, आणि वर एखादं वाळकं झाड किंवा तार. तिन्ही एकत्र असतील तिथे बसायचं. चौथी गोष्ट कच्च्या रस्त्याची कड. पोटातल्या पेषणीत दाणा दळायला त्यांना बारीक खडे लागतात, ते टिपायला सकाळी रस्त्यावर येतात. माझी गिरणी आणि त्यांची गिरणी एकाच कामाची, हे मला लहानपणापासून आवडतं. उजाडल्यापासून नऊपर्यंत रानात, दुपारी बाभळीच्या सावलीत, चारनंतर पुन्हा चरायला आणि पाण्यावर, अंधार पडायच्या आत ठरलेल्या झाडांवर. जायची-यायची वाट रोज तीच. ती वाट एकदा सापडली की तात्या तिच्याखाली नुसते बसून राहायचे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात होले चौथ्या परिशिष्टात होते आणि परवाना काढून छोट्या शिकारीची सोय कागदावर होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती बंद झाली. तात्यांनी पुढे बंदूक ठाण्यात जमा केली. आजही सुट्टीत एअरगन घेऊन माळावर फिरणारी पोरं मला भेटतात, त्यांना मी थांबवून सांगते की होला मारणं गुन्हा आहे, आणि हातात दुर्बीण देते. बहुतेक पोरं दुर्बीण लवकर परत देत नाहीत.

कोल्हापूर शहरात होल्यांची ओळख पटवायला शिवाजी विद्यापीठाच्या परिसरासारखी दुसरी जागा नाही. तिथे झाडी आणि मोकळी जमीन दोन्ही आहे. ठिपक्यांचा होला इथे रस्त्यावर पायाशी चालतो. मानेमागे काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके, मोत्यांची माळ उलटी घातल्यासारखे. या जातीसाठी दुर्बीण लागतसुद्धा नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या गिरणीच्या मीटरच्या पेटीवर याच जातीच्या एका जोडीनं मोजून वीसेक काटक्यांचं घरटं केलं, खालून आरपार अंडी दिसत होती, दोन पांढरी. गिरणीच्या आवाजाचं त्यांना काही वाटलं नाही. माझी दुर्बीण दोन मीटरपर्यंत जवळचं स्पष्ट दाखवते, त्यामुळे पोत्यांच्या थप्पीमागून मला सगळं दिसायचं. होल्याची पिल्लं आई-बापाच्या घशातल्या पिशवीत तयार होणाऱ्या दुधासारख्या द्रवावर वाढतात, चोच त्यांच्या चोचीत घालून. ते बघितल्यावर मी दोन दिवस तिकडची चक्की लावली नाही. गिऱ्हाइकांनी चालवून घेतलं.

शेंडा पार्कच्या माळावर छोटा तपकिरी होला. अंगानं बारीक, गळ्याच्या बाजूंना तांबूस-काळी नक्षी, आणि आवाज हसू दाबून धरल्यासारखा. दुर्बिणीचा खरा कस इथे लागतो. मातीच्या रंगाचा पक्षी मातीवर, सकाळचं ऊन तिरपं. साध्या भिंगाच्या दुर्बिणीत कडेला जांभळी-पिवळी झालर येते आणि नक्षी दिसतच नाही. माझीत झालर अगदी काठाला येते, मधे येत नाही. या किमतीत एवढं पुरे. कळंब्याच्या तलावावर उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघडा चिखल पडतो, तिथे सकाळी साडेसात-आठला तात्यांचं गणित तंतोतंत जुळतं.

पण खरं होल्यांचं रान पूर्वेला. रामलिंगच्या डोंगराचा पायथा, आळते, कुंभोज, बाहुबलीचा माळ. तिथे पठाणी होला भेटतो, फिकट राखी, मानेमागे बारीक काळी कोर. आणि त्याच्यात मिसळलेला तांबडा होला, आकारानं लहान, नर विटेच्या रंगाचा, डोकं राखी. कोर दोघांनाही असते. तांबड्याची मादी आणि पठाणी यांत लांबून माझी फसगत व्हायची. दुर्बीण आल्यावर आधी बांधा बघते, मग रंग. पाचू होला बघायचा असेल तर मात्र राधानगरीच्या जंगलात जावं लागतं, तो सावलीतला पक्षी, आणि हरोळी, आपला राज्यपक्षी, फळांचा भुकेला, उंबराला फळ लागलं की त्याच झाडाखाली मान वर करून उभं राहायचं. ते दोन्ही धसकटात, म्हणजे पीक कापल्यावर उरलेल्या बुंध्यांच्या रानात, शोधू नयेत.

धसकट हा शब्द आला तो महत्त्वाचा आहे. माझ्या लहानपणी माघ-फाल्गुनात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाला की रानभर धसकटं, मधे खळं, खळ्यावर मळणी, आणि सांडलेल्या दाण्यावर होले. तात्या त्याच वेळी बंदूक बाहेर काढायचे. आता त्याच पट्ट्यात उपशाचं पाणी आलं आणि ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा असतो, जमीन उघडी पडतच नाही, आणि होल्याला उघडी जमीन लागते. तोड झाली की पाचट पेटवतात, तणावर औषध मारतात, म्हणजे तणाचं बीसुद्धा गेलं. हे मला गिरणीतही दिसतं. पूर्वी पाहुण्यांच्या गावचा शाळू दळायला यायचा, आता गिऱ्हाईक मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी दुकानातून आणतं. ज्या शेतकऱ्याला उसात चार पैसे मिळतात त्याला मी शाळू पेर कसं म्हणू? माझा भाऊही ऊसच लावतो. बांधालगत चार सऱ्या शाळूच्या ठेव, एवढं मी त्याच्याकडून मागून घेतलं आहे.

मोजायची पद्धत मला टेक्ससमधल्या भाच्यामुळे मिळाली. तिकडे होल्याची शिकार आजही कायदेशीर आहे. तिथल्या शोकी होल्याचा (मोर्निंग डव्ह) हंगाम राज्याच्या बऱ्याच भागात १ सप्टेंबरला सुरू होतो, परवाना लागतो, माणशी दिवसाला पंधराची मर्यादा. भाच्याच्या कचेरीतले लोक सूर्यफुलाच्या कापलेल्या रानाकडेला, तळ्याच्या उघड्या काठावर, विजेच्या तारांखाली बसतात. फोनवर ऐकताना मी म्हटलं, अरे, हे तर तात्याच बोलतायत. मला पटलं ते दुसरंच. १९६६ पासून कित्येक वर्षं अमेरिकेत होल्यांची मोजणी ठरलेल्या रस्त्यांवर व्हायची. पहाटे निघायचं, एकेक मैलावर वीस थांबे, प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटं कान देऊन किती होले घुमतात ते लिहायचं. मारायची परवानगी किती द्यायची ते त्या आकड्यांच्या आधारानं ठरवायचे. आपल्याकडे मारायचं बंद झालं ते बरंच झालं, पण मोजायचं कुणी ते राहिलंच. आणखी एक सांगायलाच हवं. आपला पठाणी होला तिकडे उपरा आहे. १९७० च्या दशकात बहामा बेटांवर पिंजऱ्यातून सुटला आणि पुढे अमेरिकाभर पसरला. टेक्ससमध्ये त्याला ना हंगाम, ना मर्यादा. ब्रिटनमध्ये त्यानं पहिलं घरटं केलं १९५५ मध्ये, आज तिथल्या परसात तो नेहमीचा आहे. त्याच युरोपात तिथला स्थलांतर करणारा होला इतका घटला की २०१५ मध्ये त्याला धोक्यात आलेल्या पक्ष्यांत घातलं गेलं. दिसायला भाऊ-भाऊ, पण एक वाढतो आणि एक संपत येतो. म्हणून 'होले वाढले' किंवा 'होले गेले' असं सरसकट बोललेलं मला चालत नाही. कुठला होला, कुठल्या रानात, ते आधी सांगा.

तर मी हातकणंगल्याहून कुंभोजकडे जाताना आठ थांबे ठरवले, एकेक किलोमीटरवर. तीन मिनिटं आधी कानानं, मग तीन मिनिटं दुर्बिणीनं. महिन्यातून एकदा. आकडे वहीत लिहिते आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही टाकते, मराठी नावं तिथे निवडता येतात. शाळूच्या एका धसकटात एका सकाळी ४१ होले मिळाले, पुढच्याच थांब्यावर दोन्ही बाजूंना ऊस, तिथे एकही नाही. दोन वर्षांच्या वहीवरून वाढ-घट सांगणं खोटेपणा होईल, पण कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते लख्ख दिसतं. देशभरातल्या अशाच नोंदींवरून २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात ९४२ जाती तपासल्या आहेत. ज्या ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल सांगता आला त्यांतल्या ६० टक्के घटल्या आहेत. माळरानातल्या पक्ष्यांची स्थिती विशेष वाईट, आणि शहरातला पारवा मात्र जोरात. लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात सकाळी उभं राहिलं की याला अहवाल लागत नाही. पारवे बघून लोक मला म्हणतात, "पक्षी तर किती वाढलेत!" पारवा इमारतीच्या कपारीत राहतो, त्याला आपण दाणे टाकतो. शाळूच्या रानातल्या तांबड्या होल्याला दाणे टाकायला कुणी जात नाही.

आता तक्रारी. गळ्यातला पट्टा अरुंद आहे, तासाभरात मानेला काचतो. मी तो काढून दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा वेगळा घेतला, सहाशे रुपये गेले पण वजन मानेवरून पाठीवर गेलं. पुढच्या भिंगांची झाकणं पहिल्याच महिन्यात कुठेतरी माळावर पडली. मधलं चाक थंडीत जड होतं, डिसेंबरच्या पहाटे दोन बोटं लागतात. पावसाचं पाणी आत गेलेलं नाही, आतून धुकं धरलेलं नाही, आत नायट्रोजन भरलेला आहे असं डब्यावर लिहिलं होतं ते खरं असावं. डोळ्याकडच्या काचांवर माझ्या श्वासाची वाफ मात्र येते, ती कुठल्याही दुर्बिणीवर येणारच.

गेल्या फेब्रुवारीत तात्यांना बरोबर नेलं. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. भावाच्या गाडीत काच खाली करून बसले होते. पाचव्या थांब्यावर मला काही ऐकू यायच्या आधी म्हणाले, "त्या बाभळीत पठाणी हाय." होता. मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली, कड्या वर केल्या, चाक फिरवून दिलं. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्येचा डोळा लाल असतोय व्हय?" आयुष्यात त्यांनी शेकडो होले हातात धरले होते. मी म्हटलं, "व्हय तात्या, जित्त्याचा लाल दिसतोय." त्या थांब्याची तीन मिनिटं मला मोजता आली नाहीत, दुर्बीण त्यांच्याकडेच होती. वहीत तिथे रेघ आहे.

निगा राखायचं एक सांगते, कारण गिरणीमुळे मला ते महागात पडलं असतं. पीठ किंवा धूळ भिंगावर बसली तर पदरानं पुसू नका. धुळीत बारीक वाळू असते, ती भिंगावरचा लेप खरवडते. आधी रबरी फुग्यानं हवा मारून धूळ उडवा, मग मऊ कुंच्यानं झटका, आणि डाग उरलाच तर चष्म्याच्या कापडानं गोल न घासता आतून बाहेर पुसा. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या दुर्बिणीला बुरशी धरते. मी डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकते आणि श्रावणातही ऊन पडलं की दुर्बीण अर्धा तास बाहेर ठेवते, सावलीत. नवी घ्यायची वेळ आली तर हीच घेईन, फक्त पट्टा पहिल्या दिवशी बदलेन आणि झाकणांना दोरा बांधेन.